राळेने भरलेला डबा

ज्या माणसाने तो डबा बनवला, तो मला एकदा समोर भेटायला हवा होता. डबा म्हणजे विटेएवढा, काळा आणि जड. भिंतीतल्या प्लगमधून वीज घ्यायची, ती कमी करायची आणि कॉम्प्युटरला द्यायची, एवढंच त्याचं काम. आत जेमतेम चार सुटे भाग. पण त्यांच्यावर त्या लोकांनी राळ ओतली आणि ती दगडासारखी घट्ट होऊ दिली. बिघडला तर कोणाला उघडता येऊ नये, गिऱ्हाइकाने मुकाट्याने नवा घ्यावा. पुढे कंपनी बुडाली, नवा डबा मिळेनासा झाला आणि राळ तेवढी राहिली.

हा डबा माझ्या वहिनीचा. घरच्या टीव्हीला जोडायचे, कीबोर्डातच सगळा संसार मांडलेले कॉम्प्युटर एके काळी निघाले होते, तसला एक माझ्या भावाने हौसेने घेतला होता. वहिनी विणकामाच्या यंत्रावर शाळांचे स्वेटर विणायची. छातीवरचं शाळेचं चिन्ह आलं की एकेक सुई हाताने पुढे ओढावी लागे आणि तिची बोटं सोलून निघत. भावाने वायरी जोडून, प्रोग्राम लिहून अशी सोय केली की सुया कॉम्प्युटरने निवडायच्या आणि वहिनीने फक्त वरची मूठ डावीकडून उजवीकडे सरकवायची. भाऊ गेला, पण त्याचं ते जोडकाम चालत राहिलं. रस्त्याकडच्या खोलीत वहिनी, तिचं यंत्र, लोकरीचे कोन आणि तो कॉम्प्युटर. गल्लीत तिला सगळे ‘स्वेटरवाली’ म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही, मला येतो.

भाऊ गेल्यावर ती लवकरच परत यंत्रावर बसली, तेव्हा आमच्याच नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती. वहिनी म्हणाली, थंडी तोंडावर आलीय, पोरांनी काय घालायचं? विषय तिथेच संपला. ती अशीच आहे. भांडत नाही, आवाज चढवत नाही, पण धरलेलं सोडत नाही. आमच्या घरातल्या आरडाओरड्याचं सगळं खातं माझ्याकडे.

डबा म्हातारा झाला तसा तापायला लागला. वहिनीने त्याच्याशी जुळवून घेतलं. एक बाही विणून झाली की तो बंद करायचा, तोवर आधीच्या स्वेटरची शिवण घालायची, डब्यावर तळहात ठेवून बघायचं, गार लागला की पुढची बाही. का तापतो ते तिला ठाऊक नव्हतं. तापू द्यायचा नाही, एवढं कळलं होतं.

तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. मी त्याला साहेब म्हणते, तोंडावरच. साहेबांचं म्हणणं असं की आईने आता आराम करावा. आराम म्हणजे त्याच्याकडे राहून त्याची दोन पोरं सांभाळावीत आणि ही रस्त्याकडची खोली भाड्याने द्यावी. दर खेपेला तेच तुणतुणं, आणि तेही इतक्या गोड आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, काय गुणाचा पोरगा आहे! शेवटी वहिनीने कंटाळून शब्द दिला. हा कॉम्प्युटर चालतोय तोवर मी इथे, कायमचा बंद पडला की तुझ्याकडे येईन. मला आधी विचारलं असतं तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला असता. कारण वहिनीने शब्द दिला म्हणजे दिला.

मग एका रविवारी साहेब वीज मोजायचा नवाकोरा मीटर घेऊन आले. मीही तिथेच होते, बटणं लावत. सकाळपासून गार पडलेला डबा त्याने प्लगला लावला, मीटरच्या दोन तारा टेकवल्या आणि निकाल दिला. पाच व्होल्ट हवेत, पाच आहेत, डब्याला काही झालेलं नाही, बंद-चालूचा हा खेळ उगाच आहे. वहिनी एक बाही संपवून उठली, त्याने तिला बसवलं. दुसरी संपली, ती परत उठली, त्याने परत बसवलं. तिसरी अर्धी होते न होते तोच पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं उमटली, पडदा काळा झाला आणि जळकट वास सुटला.

तो वास खोलीतून गेलाही नव्हता, तेवढ्यात हा म्हणतो, "चला, सुटलीस आई. आता शब्द पाळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण त्याला वाईटही वाटलं नव्हतं. त्याच्या तोंडावर सुटकेचा भाव होता. मी तो पाहिला आणि त्याच्या आईनेही पाहिला. मी तोंड उघडणार तर वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कायमचा बंद पडला की नाही ते अजून कळायचंय, एवढंच ती बोलली. साहेबांनी उपकार केल्यासारखी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. स्वतःच्या आईला, तिच्याच घरात!

दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. एक म्हणाला, भंगारात द्या. दुसऱ्याला तो कॉम्प्युटर शोभेला दुकानात मांडायचा होता. शेवटी सुट्या भागांच्या दुकानातला एक तुसडा माणूस भेटला. त्याने वहिनीला आधी चांगलंच झापलं. गार डबा मोजून काय कळतं? गार असताना पाच दाखवतो, तापला की आठ-नऊ सोडतो आणि कॉम्प्युटर आतून भाजून काढतो. हे शहाणपण कोणी केलं, असं त्याने विचारलं. वहिनीने मुलाचं नाव घेतलं नाही. मी मात्र सगळं सांगून टाकलं, नात्यासकट. मग तो जरा निवळला आणि काय करायचं ते त्याने नीट समजावलं.

डबा आम्ही दोघींनी मागच्या ओट्यावर फोडला. मी तो गोणपाटात गुंडाळून पायांत धरला आणि वहिनीने छिन्नी चालवली. राळेचे कपचे उडत होते, एक माझ्या कपाळाला लागला. प्रत्येक घावाला मी त्या कंपनीच्या मालकाचा उद्धार करत होते आणि वहिनी म्हणत होती, अहो वन्सं, पाय हलवू नका. आतला ट्रान्सफॉर्मर धड निघाला, तो ठेवला. पाच व्होल्टचा भाग कोळसा झाला होता, त्याच्या जागी नवा घातला. सगळं एका भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, स्क्रूने उघडता येईल असं. मग दुकानदाराच्या अटीप्रमाणे कॉम्प्युटरऐवजी त्यावर अख्खा दिवस मोटारीचा बल्ब पेटता ठेवला. वहिनी मधूनमधून मीटर लावून बघायची. डबा तापल्यावरसुद्धा आकडा पाचावरून हलला नाही.

तरी कॉम्प्युटर उठेना. पडदा काळाच. त्या रात्री वहिनी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तो तुसडा माणूस आपणहून आला, त्याने आतल्या मेमरीच्या चिपा एकेक चाचपल्या, चटका देणारी एक उपटली आणि दुसऱ्या एका मेलेल्या कॉम्प्युटरातली तिथे बसवली. पडदा पूर्वीसारखा निळा झाला. वहिनी हसली. मला रडू आलं, आणि ते निव्वळ संतापाचं होतं.

मुदत संपायला अजून अवकाश होता, पण साहेबांना दम कुठला! रंगाऱ्यालाच घेऊन आले. वहिनी विणत बसली होती आणि तिच्या डोक्यावरून रंगारी भिंतीला टेप लावू लागला. साहेब दारातच थबकले. पडद्याकडे बघत म्हणाले, चालू झाला तर. पण किती दिवस? आज ना उद्या पडेलच बंद, तेव्हा तर यावंच लागेल ना?

वहिनीने ओळ पूर्ण केली. मग हात लांब करून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"हा बघ, बंद आहे," ती म्हणाली. "आणि मी इथेच बसलेय. शब्द दिला ती माझी चूक झाली. तो मी परत घेतेय. यंत्र चालो न चालो, हे माझं घर आहे."

साहेबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! मी पुढचं बटण लावायला घेतलं. रंगाऱ्याने टेप गुंडाळली आणि वहिनीला विचारलं, "ताई, मी जाऊ का?"