वडाळ्याची धावपट्टी आणि काकूंची विहीर

उन्हात बसून मीटरचा काटा बघणं हा आमचा उद्योग. काटा हलेपर्यंत करायला काही नसतं. मग माणसं बोलतात, भांडतात आणि किस्से साठत जातात. माझ्याकडचे बरेचसे किस्से वडाळ्याचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात तिथे मिठागरांच्या कडेला सरकारने घाईघाईने विमानांसाठी एक धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, पट्टीवर माती चढली, गवत वाढलं. तिच्याखाली जुन्या वस्तीचे दगडी पाये असावेत, असं आमच्या धुरंधर सरांचं म्हणणं. खणायची परवानगी नव्हती. म्हणून जमिनीत चार सळया ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा आणि खाली दगड आहे की ओली माती, ते काट्यावरून ओळखायचं. माणसं तीन : सर, सदू आणि मी. सर गिरगावातले, बोलायला अगदी मऊ. पण रीडिंगच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडायचे नाहीत! "थोडं जास्त आलं" म्हटलं की लगेच, "थोडं म्हणजे किती?"

*

पहिल्या दिवशी जाऊ तिथे काटा तळाला. खाली सगळं ओलंच ओलं!

"सर, वडाळा पाण्यावर तरंगतोय!" सदू म्हणाला.

सरांनी चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"तरंगत नाहीये. लोणचं झालंय!"

मग काट्याला फसवणाऱ्या मिठाचा नाद सोडून आम्ही उंचवट्याकडे सरकलो.

*

तिथेच राधाकाकू भेटल्या. रोज भोईवाड्याहून चालत यायच्या. मूळच्या मालवणकडच्या, पण लग्नानंतर इथल्याच वाडीत नांदलेल्या. पट्टीसाठी वाडी उठवली, तेव्हा 'वाडीचे देव वाडीतच राहू देत' म्हणून सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव विहिरीत सोडले. युद्ध संपलं की सगळे परत यायचेच होते ना! परत कुणीच आलं नाही. विहीर बुजली. काकूंचा देव्हारा तेव्हापासून रिकामा.

"माझे देव पट्टीखाली गेले काय बाजूक रवले, तेवढांच सांगा," त्या सरांना म्हणाल्या. "माका झोप लागत नाय."

"काटा सांगेल ते सांगीन, काकू."

मला सरांचा रागच आला. बाजूलाच असतील हो, एवढं म्हणायला काय जातं?

*

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभेला निघालेला गिरणी कामगारांचा एक जथा आमच्या सळया बघून थांबला.

"काय, हद्द मोजताय?"

सदूला कोण आवरणार! त्याने ठोकून दिलं, "हो!"

"मग इथे कशाला ठोकताय? बेळगावच्या पलीकडे ठोका!"

आणि नमुना म्हणून एकाने दोन सळया अशा काही हाणल्या, की त्या उपटण्यात आमची संध्याकाळ गेली.

*

मग जमावबंदी लागली. पाच जण एकत्र दिसले की पोलीस हजर. आम्ही तिघं आणि काकू, म्हणजे चार. तरी एक हवालदार आलाच. वायर आणि बॅटरी बघून त्याला घाम फुटला. सरांनी सगळं शास्त्र समजावलं. गडी इतका रंगला, की मांडी घालून स्वतःच काटा बघायला लागला.

सदू हळूच म्हणाला, "हवालदारसाहेब, आता आपण पाच झालो."

हवालदार ताडकन उठला, लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला, आणि तिथूनच ओरडला, "किती आला काटा?"

*

पट्टीवर भोकाभोकांचे लोखंडी पत्रे अंथरलेले होते म्हणे. आम्हाला एक सापडेल तर शपथ! एके दुपारी काकू त्यांच्या ओळखीच्या बाईकडे चहाला घेऊन गेल्या. तिथलं कुंपण भोकाचं, बोंबील वाळत होते तो पत्रा भोकाचा, कोंबड्यांचं खुराडंही भोकाचं! सर चहा विसरले आणि टेप काढून खुराडं मोजायला बसले.

बाई घाबरली. "सरकार परत मागतंय काय?"

"नाही हो," सर म्हणाले. "फक्त कोंबड्यांना जरा तिकडे घ्या."

*

शेवटच्या दिवशी काकूंच्या वाडीची जागा आली. पट्टीचा दगड-मुरूम लागला की काटा वर जायचा. पट्टीच्या दोन्ही कडा सापडल्या. मधल्या एका जागी मात्र काटा एकदम खाली आला. सरांनी रीडिंग पुन्हा पुन्हा घेतलं. शंकाच नव्हती, ही बुजलेल्या विहिरीचीच ओल.

"गावली?" काकूंनी विचारलं.

"गावली."

"खंय?"

सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पट्टीखाली, काकू. अगदी मधोमध."

काकू तिथेच जमिनीवर बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे सायबाची सगळी इमानां माझ्या देवांच्या डोक्यावरसून गेली?"

"हो."

"त्यातलां येक तरी पडलां काय?"

सदूने माझ्याकडे बघितलं. आदल्याच आठवड्यात पट्टीच्या टोकाला, चिखलात, विमानाच्या पंख्याचं वाकडंतिकडं पातं सापडलं होतं. नकाशावर त्या जागी फुली मारून 'अपघात' असं सरांनीच लिहिलं होतं.

"एकही नाही," सर म्हणाले.

काकूंनी जमिनीला हात टेकवला आणि कपाळाला लावला.

"मगे माझे देव आसत थंयच. परक्यांची पोरां, तरी सांभाळल्यानी!"