विनोदिनीबाई आणि फ्यूजची डबी

विनोदिनी दिघे उज्जैनला आरोग्य खात्यात नर्स होत्या. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नाशिककडून इकडे आले. बाईंचा जन्म, शाळा, सगळं उज्जैनचंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता त्या हिंदीत कधी शिरायच्या, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. खेड्यांत जाऊन देवीची लस टोचायची आणि बाळंतिणी बघायच्या, हे त्यांचं काम. त्यासाठी खात्यानं एक जुनी मोटार दिली होती. मध्यभारत राज्य झालं तेव्हा कुणा जहागीरदाराकडून ती सरकारजमा झाली, असं लोक सांगत. चालवायला विष्णूभाऊ होते. त्यांच्या घरात पूर्वी पागेची चाकरी होती. घोडा गेला आणि मोटार आली, एवढाच काय तो फरक, असं ते स्वतःच म्हणायचे.

पंचावन्न सालच्या थंडीत एका सकाळी दोघं उन्हेलकडे निघाले होते. गावातल्या देवास गेटला नुकतंच पेट्रोल भरलेलं. गावाबाहेर पडले आणि पेट्रोलचा काटा सरळ शून्यावर आला.

"भाऊ, पेट्रोल गळतंय की काय?"

"टाकी तर फुल आहे, बाई. काटा खराब झाला असेल."

तेवढ्यात धुक्यानं काच भरली. वायपर लावायला गेले तर तोही बंद. विष्णूभाऊंनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बाजूला पत्र्यावर एक काळी डबी होती. तिच्यातली काचेची नळी त्यांनी काढून दाखवली. आतली बारीक तार तुटली होती.

"फ्यूज उडला. काटा, वायपर आणि मागचा ब्रेकचा लाल दिवा, तिन्हींना वीज इथूनच जाते."

"मग उडला कशानं?"

"उडतो कधी कधी."

बाईंना हे पटलं नाही. आपण होऊन काही तुटत कसं असेल? नवा फ्यूज घातला, तोही दोन-चार दिवसांत गेला. मग आणखी एक. शेवटी देवास गेटच्या मेकॅनिकनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तिथं बसवली. "अब नहीं उडेगा," तो म्हणाला.

खरंच उडला नाही. पण पुढच्याच आठवड्यात एक म्हैस आडवी आली, विष्णूभाऊंनी ब्रेक दाबला आणि बॉनेटमधून धूर निघाला. रबर जळाल्याचा वास सुटला. विष्णूभाऊंनी उडी मारली, हाताला उपरणं गुंडाळलं आणि बॅटरीची तार ओढून काढली. डबीजवळची तार वितळून गेली होती. दोघं गाडीपासून लांब, बांधावर जाऊन बसले.

"माझ्याच डोळ्यांसमोर चांदी लावली त्यानं," विष्णूभाऊ म्हणाले.

बाई मात्र डबीकडेच बघत होत्या. "म्हणजे ही नळी तुटते, म्हणून गाडी वाचते. ती बिचारी काही तरी सांगत होती, आपण तिचं तोंड बंद केलं."

गाडी ओढून आणली. मेकॅनिकनं नवी तार टाकली, आणि चांदीबद्दल कान पकडले. मग रविवारी दवाखान्याच्या आवारात बाई आणि विष्णूभाऊ कामाला बसले. डबी हिरवट गंजली होती. विष्णूभाऊंनी पॉलिशपेपरनं तिची टोकं घासून लख्ख केली. मग बाईंनी एक युक्ती सुचवली. डबीतून निघणाऱ्या तिन्ही तारा सोडवायच्या आणि एकेक जोडून बघायची. पोरांना काय बाधलं ते शोधताना आपण एकेक पदार्थ देऊन बघतो, तसंच.

काट्याची तार जोडली, काही नाही. वायपरची जोडली, काही नाही. ब्रेकच्या दिव्याची जोडली, विष्णूभाऊंनी ब्रेक दाबला. दिवा मजेत लागला. फ्यूज शाबूत.

"लो! आता कुणाला पकडायचं?" विष्णूभाऊ कंटाळून म्हणाले.

बाई गाडीभोवती फिरल्या. रस्त्यावर उडतो आणि इथं उडत नाही. मग रस्त्यावर असतं आणि इथं नाही, असं काय? त्यांनी डिकी उघडली. डिकी रिकामी होती. लशीची, औषधांची लोखंडी पेटी आत ओसरीवर ठेवलेली होती.

"भाऊ, पेटी आणू या."

दोघांनी मिळून ती जड पेटी डिकीत सरकवली. विष्णूभाऊंनी ब्रेक दाबला. इंजिनाकडून चिट् असा आवाज आला.

"उडला!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की दवाखान्यातली आया धावत बाहेर आली.

विष्णूभाऊंनी पेटी काढून डिकीच्या कडेला बोटं फिरवली. तळाशी दिव्याची तार जात होती, आणि पेटीचा कोपरा नेमका तिच्यावर बसून तिचं कातडं सोललं होतं. पेटीचा भार आला की उघडी तार पत्र्याला टेकत होती. त्यांनी तिच्यावर पट्टी गुंडाळली. बाईंनी दवाखान्यातली एक जुनी रबरी नळी उभी चिरून दिली. ती त्यांनी तारेवर चढवली आणि तार वरच्या अंगानं नेऊन बांधली. नवा फ्यूज बसवला. तो टिकला.

त्या दिवसापासून बाईंना चैन पडेना. पाणी कुठं भरतात, पंख्याचा पट्टा का ताणतात, सगळं विचारून झालं. एक दिवस त्यांनी गाडी शिकवा म्हणून सांगितलं. विष्णूभाऊ आधी हसले, मग दसरा मैदानावर घेऊन गेले. बाई गियर बदलताना गाडी अशी हिसके द्यायची की विष्णूभाऊ दार धरून बसायचे. पण शिकल्या, आणि लायसनही काढलं.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत संपून मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली आणि खात्याच्या कागदांबरोबर विष्णूभाऊंचीही बदली झाली. निघताना त्यांच्या मुलांसाठी बाईंनी बेसनाचे लाडू दिले. इकडे नवी जीप आली.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एका दुपारी घट्टियाहून माणूस आला. तिथली एक बाळंतीण अडली होती, मूल आडवं होतं. जीपचा ड्रायव्हर तापानं फणफणलेला. डॉक्टरांनी विनोदिनीबाईंकडे पाहिलं. "तुम्ही जीप न्याल?"

"नेते."

घट्टियाहून दवाखान्याकडे येताना मागच्या बाकावर ती बाळंतीण कण्हत होती आणि सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सासूनं भीत भीत विचारलं, ड्रायव्हर कुठे आहे?

"मीच आहे," बाई म्हणाल्या, आणि खड्डा चुकवून त्यांनी जीप हळूच कडेनं काढली.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप होत्या.