बॅनरवरची मोकळी जागा

गावाच्या कमानीवर नवा बॅनर चढलेला दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. आमच्या पनवेलजवळच्या कोन गावाच्या पट्ट्यात बॅनर कशाचाही लागतो. दोन वर्षांच्या पोराचा वाढदिवस, नवी गाडी, शर्यत जिंकलेला बैल. बैलाचासुद्धा लागतो, गॉगलवाल्या मालकासकट. माझ्या आईचा मात्र कधी लागला नव्हता.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. गावातल्या निम्म्या पोरांची नाकं तिने पुसली. ती निवृत्त झाली तेव्हा ग्रामस्थ मंडळाने सत्कार ठरवला आणि बॅनर माझ्या गळ्यात पडला, कारण मी पनवेलला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. मी फुकट मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि व्हिडिओ बघून शिकायला लागले.

आईने जांभळी साडी काढली आणि गच्चीवर उभी राहिली. अकरा फोटो तिने नापास केले. बारावा बघून म्हणाली, "यो बरा हाय. यो लाव." मग हळूच विचारलं, "केवढा येल?" हातभर चेहरा येईल म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसली. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय.

मागची पाण्याची टाकी, वायरी, सगळं मी माउसने कातरलं. दोनदा कान कापला. त्या सॉफ्टवेअरमध्ये काचेवर काच ठेवावी तसे थर असतात. खाली निळा रंग, त्यावर आई, त्यावर तिचं नाव. नको असलेला थर बंद करून पुन्हा चालू करता येतो. एवढं जमायला माझे दोन रविवार गेले.

मग मंडळाच्या अध्यक्षांचे फोन सुरू झाले. नात्याने काका लागतात. "वर साहेबांचा फोटू पायजे." साहेब म्हणजे आमचे आमदार. त्यांना गोलात बसवलं. मग स्वतः अध्यक्ष. मग उपाध्यक्ष, नाहीतर रुसतील. मग अध्यक्षांचा मुलगा, तो यंदा निवडणुकीला उभा राहणार होता. मग शुभेच्छुकांची रांग. त्यातही मानपान: साहेबांचा गोल सगळ्यांत मोठा, अध्यक्षांचा त्याखालोखाल, उपाध्यक्षांचा बोटभर लहान. आई मधून सरकत सरकत कोपऱ्यात गेली.

"काका, सत्कार आईचा आहे ना?" मी चिडून विचारलं.

"मंग! नाव टाकलाय ना मोठा?"

गोल हलवताना माउस सारखा आईलाच पकडायचा. म्हणून मी तिचा थर बंद केला आणि गोल रांगेत बसवले. तेवढ्यात परत फोन. छापणारा थांबलाय, पाठव लगेच. मी पाठवला. आईचा थर चालू करायचा राहिला.

ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण छापण्याआधी तो बॅनर मी मंडळाच्या ग्रुपवरही टाकला होता. सगळ्यांनी अंगठ्याचे इमोजी टाकले. अध्यक्षांनी लिहिलं, "एक नंबर." एकानेही विचारलं नाही की जिचा सत्कार, ती कुठाय? प्रत्येकाने आपापला गोल शोधला आणि खूश झाला.

सत्काराला मी ऑफिसातून थेट पोचले. स्टेजमागे पुढाऱ्यांची रांग, कोपऱ्यात निळी मोकळी जागा, तिच्याखाली आईचं नाव, आणि पुढे खुर्चीवर शाल-नारळ घेतलेली आई. भाषणं झाली, बॅनरपुढे सेल्फी काढून झाले. मी अध्यक्षांना गाठून ती मोकळी जागा दाखवली. त्यांनी वळून बघितलं.

"आयला, खरंच की. जाऊ दे गो, ती सोता बसलीय ना!"

तो बॅनर तिथेच टराटरा फाडावा असं वाटलं. आईचा कार्यक्रम म्हणून हात आवरला.

घरी येऊन रडत तिची माफी मागितली, तर ती म्हणाली, "मना स्टेजवर चढतानाच दिसला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटला, तूच मना काढलास. जागा नसल."

त्या माणसांवर होता त्याच्या दुप्पट राग मला माझा आला. माझी आई, आणि तिला हे खरं वाटलं.

रविवारी मी तिला शेजारी बसवून फाइल उघडली आणि तिचा थर चालू केला. तिने बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मग साहेबांवर बोट ठेवलं. "ह्याला काढ." काढला. "ह्याला पन." एकेक करून तिने सगळी रांग उठवली. निळ्या रंगावर ती एकटी उरली. तिला मी परत मधोमध आणली, हातभर चेहऱ्याची, आणि बॅनर छापून आमच्या ओटीवर लावला.

परवा अध्यक्ष मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. चपला काढायच्या आधीच त्यांची नजर वर गेली.

"काय गो, आमचा एकाचा पन फोटू नाय?"

त्यांना लगेच दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "जागा नवती."