सगुणाबाईंची जपानी शिकवणी

सून घडाघडा बोलायची आणि विकास तीन शब्दांत उरकायचा, "बरी आहे म्हणते." दर रविवारी दुपारी फोनवर हेच चालायचं. सगुणाबाई म्हणायच्या, "अरं, एवढं लांबलचक बोलली ती, आन् तू एवढंसंच सांगतोयस?" विकास हसून म्हणायचा, "जपानी भाषाच तशी असते, आई." भाषा तशी असते म्हणे! शेरभर दळण द्यावं आणि पदरात मूठभर पीठ पडावं, तर माणूस गिरणीवाल्याची गचांडी धरतो. इथं गिरणीवाला पोटचा पोर होता, म्हणून सगुणाबाई दातओठ खात गप्प बसायच्या.

विकास जपानात इंजिनिअर. तिथल्याच मिहो नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं, तेही तिकडच्या कचेरीत सह्या करून. सगुणाबाईंनी नाक मुरडलं नाही. नवरा गेल्यावर माण गावातल्या शेतात खोल्या बांधून, आयटीतल्या पोरांना त्या भाड्यानं देऊन त्यांनी या एकुलत्या मुलाला शिकवलं होतं. त्याला आवडली ती त्यांनाही आवडली. त्यांचं मागणं एकच होतं. सुनेनं एकदा घरी यावं आणि उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडून आत पाऊल टाकावं. त्याशिवाय घरात सून आली असं त्यांचं मन मानत नव्हतं. त्यासाठी माहेरचा, कोळवणचा इंद्रायणी तांदूळ डब्यात राखून ठेवला होता. माडीवरची कोपऱ्यातली उजेडाची खोलीही त्यांनी कुणा भाडेकरूला दिली नव्हती. पण विकासचं दर वेळी तेच. तिला इकडचं ऊन सोसणार नाही, तिखट चालणार नाही, तिला एवढ्यात यायचं नाही.

"तिला यायचं न्हाई, का तुला आणायचं न्हाई?" सगुणाबाईंनी एकदा विचारलंच.

"आई, मी खोटं बोलतो का?" विकास उलटा चिडला. मग त्यांनी विषय सोडला. राग मात्र सुटला नाही.

माडीवरच्या दुसऱ्या खोलीत मृण्मयी नावाची नाशिकची मुलगी राहायची. कंपनीत तिचं काम जपानी माणसांशी, आणि रविवारी सकाळी ती खालच्या पडवीत भाडेकरू पोरांना जपानी शिकवायची. एका रविवारी सगुणाबाई चटई घेऊन पोरांच्या मागं जाऊन बसल्या.

"काकू, काही हवंय का?" मृण्मयीनं विचारलं.

"व्हय. मला जपानी शिकायची हाय. आन् पयलं हे सांग, रागावलीया म्हणायला काय म्हणत्यात?"

"ओकोत्ते इमासु," मृण्मयी हसत म्हणाली.

तो शब्द सगुणाबाईंच्या तोंडात एका दमात बसला. पुढचे कसले बसतात! 'मी' म्हणजे वाताशी, इथपर्यंत ठीक होतं. मग मृण्मयी म्हणाली, मुलगे स्वतःला बोकू म्हणतात आणि जरा तोऱ्यातले पुरुष ओरे म्हणतात. आणि वर आणखी, की बोलताना 'मी' बहुतेक वेळा गाळूनच टाकतात.

"म्हंजे आदी ढीगभर मी पाठ करायचं, आन् मंग एकबी वापरायचं न्हाई?" सगुणाबाई कडाडल्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली. "ओकोत्ते इमासु!" बाईंनी दम भरला, तशी पडवी चिडीचूप झाली.

नवऱ्याचं नाव सांगायचं वाक्य आलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही, ते आता परक्या भाषेत कशाला घेऊ? मृण्मयी म्हणाली, "नुसतं शुजिन म्हणा, काकू. शुजिन म्हणजे मालक." सगुणाबाई बघतच राहिल्या. त्यांनीही जन्मभर मालकच म्हटलं होतं. समोरच्या वडीलधाऱ्याला 'तुम्ही'सुद्धा म्हणायचं नाही, नात्यानं हाक मारायची, सासूला ओकाआसान म्हणजे आई म्हणायचं, हेही त्यांना पटलं. ही तर आपल्यातलीच माणसं दिसतायत, असं त्यांच्या मनात आलं.

पण ती टीचभर अक्षरं! वा, गा, ओ, नी, नो. मृण्मयी समजावायची, "आपण शब्दाला चा-ची-चे लावतो ना, तसा नो. जिकडं जायचं तिकडं नी." भाकरी थापताना सगुणाबाई घोकायच्या आणि वा म्हणायचा तिथं गा म्हणायच्या. मग पीठ काथवटीत आपटून शिव्या द्यायच्या. खरं तर राग त्या अक्षरांचा नव्हताच. आपल्याच सुनेचं बोलणं कळावं म्हणून या वयात, आपल्याच पडवीत, भाडेकरू पोरांचं हसू झेलावं लागतं, त्याचा होता. आणि तो रास्तच होता.

अखेर मृण्मयीनं त्यांच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. ओकाआसान नो इए नी, किते कुदासाई. आईच्या घरी ये.

"ह्यात मी कुटं हाय आन् तू कुटं?"

"लागत नाही, काकू. कोण कुणाला बोलावतंय ते समोर दिसतंच की."

सुनेला चकित करायचं, म्हणून विकासला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

त्या रविवारी त्यांनी तांदळाचा डबा पडवीत आणला आणि फोन त्याला टेकवून ठेवला. फोनमध्ये विकास आणि मिहो शेजारी शेजारी बसले होते. सगुणाबाई तोंड उघडणार, एवढ्यात मिहोच हात जोडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ओकाआसान नो इए नी, इकिताई देसु."

सगुणाबाई दचकल्या. निम्मं वाक्य त्यांचंच होतं, आणि इकिमासु म्हणजे जाते, इकिताई म्हणजे जावंसं वाटतं, हे वर्गात नुकतंच झालं होतं. आईच्या घरी यायचंय म्हणत होती पोर!

"काय म्हणती रं?"

"यंदाही जमणार नाही म्हणते. कामं फार आहेत," विकास म्हणाला.

सगुणाबाईंची कानशिलं तापली. तरी त्यांनी जीभ आवरली. "आणखी काय म्हणायचं हाय का, इचार तिला."

विकासनं काहीतरी विचारलं. मिहोचा चेहरा उतरला. खाली बघत ती पुटपुटली, "ओकाआसान वा, ओकोत्ते इमासु का?"

शेवटी का आला की प्रश्न. बाकीचा तर सगुणाबाईंचा पहिला शब्द. आई रागावलीय का?

"तू जेवलीस का, असं विचारतेय," विकास म्हणाला.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. इकडं आईला सांगायचं, तिला यायचं नाही. तिकडं बायकोला सांगायचं, आई रागावलीय. दोन्ही दारांना आतून कड्या घालून हा शहाणा मधल्या ओसरीत खुशाल बसला होता.

"इकास, मी रागावलीया म्हणून सांगितलंस तिला?"

विकासच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, तुला... तुला कसं कळलं?"

"ते ऱ्हाऊ दे. कशापायी केलंस?"

आधी तो 'तसं नाही, तसं नाही' करत राहिला. मग निघालं पोटातलं. "आई, तिथं सगळ्या दोऱ्यांवर पोरांच्या चड्ड्या वाळत असतात. बारा गावची माणसं, अंगणात एकच मोरी. आणि तुझं ते हाय-न्हाई. ती मोठ्या घरची आहे. मला वाटलं, आधी चांगला फ्लॅट घेऊ, मग आणू तिला."

"त्याच चड्ड्यांच्या खाली पाट टाकून तू अभ्यास केलास," सगुणाबाई म्हणाल्या. "त्या दोऱ्या होत्या म्हणून आज तू तितं हायेस. आन् तिला माझं हाय-न्हाई काय कळतंय? ते तुलाच टोचतंय. आता सांग तिला, आईला राग हाय, पर तुझ्यावर."

विकास मान खाली घालून बसला.

"सांग की!"

मिहो घाबरून एकदा नवऱ्याकडं, एकदा सासूकडं बघत होती.

सगुणाबाई उठल्या. त्यांनी माप तांदळानं काठोकाठ भरलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि फोन फिरवून सुनेला ते दाखवलं. मग फोन तोंडासमोर धरला आणि विकासच्या चेहऱ्यावर बोट रोवलं. जिकडं जायचं तिकडं नी. राग विकासकडंच जायचा होता.

"विकास नी, ओकोत्ते इमासु!"

मिहोनं तोंडावर हात ठेवला. सगुणाबाईंनी बोट तिच्याकडं वळवलं. आवाज आपोआप खाली आला. "मिहो. ओकाआसान नो इए नी, किते कुदासाई."

मिहोनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्याला मानच वर करवेना. मग डोळे पुसून ती सासूकडं वळली, कमरेत वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हाई. इकिमासु."

विकासनं घसा खाकरला. "आई, ती म्हणते—"

"तू गप बस," सगुणाबाई म्हणाल्या. "मला कळलं."