नकाशातली उंच जागा

माझं गाव चिमूरजवळचं, पण नोकरी मिळाली ती नदीपलीकडच्या जंगलाच्या मुलखात, आपत्ती नियंत्रण कक्षात. पुराचे नकाशे करायचं काम. पाणी किती चढलं की कोणतं गाव बुडेल ते निळ्या रंगात दाखवायचं, आणि त्या गावानं कुठे जायचं तिथे हिरवा ठिपका टाकायचा. ठिपका म्हणजे निवारा. कुठे शाळा, कुठे समाजमंदिर, कुठे गोदाम. जमिनीची उंची उपग्रहाच्या माहितीवरून घेतलेली. तरी पावसाळ्याआधी प्रत्येक जागा पायी फिरून बघायचं ठरलं होतं. निम्म्या झाल्या, मग आमची गाडी दुसऱ्या कामाला गेली, आणि उरलेले ठिपके मी खुर्चीत बसून टाकले.

ऑगस्टात तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. त्यातच वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला. दुपारपर्यंत माझ्या यादीप्रमाणे नऊ गावं हलवून झाली. आमचे साहेब निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. तेही म्हणाले, "यंदा तुझ्या नकाशानं काम सोपं केलं."

अडीचच्या सुमाराला एका टोल्याच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीच्या, पोलीस पाटील बाईंचा फोन आला. सकाळीच त्यांनी सगळा टोला शाळेत आणून बसवला होता.

"मॅडम, शाळेत पाणी येऊन राह्यलं."

"पावसाचं साचलं असेल, बाई."

"नाई, पायरीले लागलं. नदीकडून नाई येत. मांगून येऊन राह्यलं, नाल्यातून."

मी स्क्रीनवर पाहिलं. शाळा पुराच्या रेषेच्या कितीतरी वर होती. "शाळा उंचावर आहे, बाई."

"उंचावर? कोण सांगतलं तुमाले? आमी बांबूच्या जुन्या डेपोवर जातो. थो कधी बुडला नाई."

मी डेपो शोधला. गर्द निळा. नकाशात तो जंगलातला खड्डा होता. "तिथे नका जाऊ, बाई. तो भाग सगळ्यांत आधी बुडतो."

"मंग कुठी जाऊ, थे तरी सांगा!" त्यांच्या मागे लेकरं रडत होती. कोणीतरी गोंडीत ओरडून काही विचारत होतं.

मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. त्याच्या चारही कडा सरळ होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या. असा चौकोनी खड्डा जमिनीत कधी नसतो. मी त्याच जागेचा उपग्रहातून काढलेला फोटो उघडला. डेपोच्या आवारात एकही झाड नव्हतं, आणि भोवती दाट साग. शाळा मात्र सागाच्या अगदी गर्दीत उभी. उपग्रहानं जमीन मोजलीच नव्हती, झाडांचे शेंडे मोजले होते. जिथे झाडं तिथे मला उंचवटा दिसला, जिथे झाडं नाहीत तिथे खड्डा.

"बाई, डेपोवरच जा. आत्ता निघा. माझं चुकलं."

"मी काय सांगून राह्यली होती मंग!" त्या म्हणाल्या, आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

बाकीचेही ठिपके मी त्याच माहितीवरून टाकले होते. खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं. थोडा वेळ, कबूल करायला लाज वाटते, मी नुसती बसून राहिले. मग उठले. "साहेब, मी जाऊन न पाहिलेल्या निवाऱ्यांवर भरवसा ठेवू नका."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी एवढंच विचारलं, "आज माणसं नेली त्यातले किती?"

"हा टोला धरून पाच."

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "बाकी चार ठिकाणी विचार. नकाशाचं नाही, पाण्याचं विचार."

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, या जागी कधी पाणी आलेलं आठवतं का? तिघं नाही म्हणाले. चौथ्या गावचा कोतवाल सहज म्हणाला, "येते ना कधी कधी, गुडघ्याएवढं." त्या लोकांना तासाभरात टेकडीवरच्या देवळात हलवलं. टोल्याकडे मात्र जाता येत नव्हतं. पूल पाण्याखाली होता आणि बचाव पथकाची नाव त्या धारेत घालता येत नव्हती.

संध्याकाळी वनरक्षकाच्या वायरलेसवरून निरोप आला, डेपो कोरडा आहे, एकसष्ट माणसं पोचली. माझ्या यादीत त्रेसष्ट होती. मी पुन्हा विचारायला लावलं. उत्तर आलं, एका म्हाताऱ्या बाबांना चालवत नव्हतं. बाकीच्यांना पुढे लावून त्यांना उचलायला माणसं परत वळेपर्यंत वाटेवर छातीएवढं पाणी झालं. ते शाळेच्या स्लॅबवर आहेत, आणि पाटील बाई त्यांच्याजवळ थांबल्या आहेत.

पायरीला पाणी लागलं होतं तेव्हा बाबांना खाटेवर घालून नेता आलं असतं. ती मिनिटं मी वाद घालण्यात घालवली होती. त्या रात्री मी घरी गेले नाही. साहेबही गेले नाहीत.

उजाडताना धार ओसरली आणि नावेनं दोघांना आणलं. बाबा तापानं फणफणले होते. बाईंचा आवाज बसला होता.

धान कापणीला आलं तेव्हा मी हातात जीपीएस घेऊन टोल्यावर गेले. बाई पुढे चालत जागा दाखवत गेल्या, मी नोंदत गेले. पाणी कुठून शिरतं, कुठे अडतं, कुठली पायवाट आधी जाते. सगळं झाल्यावर मी माफी मागितली. त्यांनी लगेच "जाऊ द्या" म्हटलं नाही.

"आमाले पह्यलेच काऊन नाई इचारलं?" त्या म्हणाल्या.

मग मला त्यांनी बाबांच्या घरी नेलं. बाबा उन्हात खाटेवर बसले होते. पावसात लागलेला खोकला अजून गेला नव्हता. मी कोण ते बाईंनी त्यांना गोंडीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग खाटेवर थोडं सरकून बसायला जागा करून दिली.