किल्लीला बांधलेलं अर्धा किलो

दुकानदाराकडे न मागता दोन गोष्टी साठतात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते आपणच भेटेल त्याला सांगत बसायचे. माझे निम्मे किस्से गल्ल्यावरचे नाहीतच, दुकानाच्या मागच्या संडासाचे आहेत. हसा खुशाल. पण त्यातल्या एका किश्शात माझी मुलगी तापाने फणफणत होती, म्हणून मी स्वतः सगळ्याच ठिकाणी हसत नाही.

बोईसरला स्टेशनपासून जरा आत माझं किराणा आणि जनरलचं दुकान. सत्तर सालानंतर कारखाने भराभर उभे राहिले, भाड्याच्या खोल्या भरल्या, बाजारात बायका-मुलांची गर्दी वाढली. बाजारात निम्म्यावर आल्यावर पोराने आईचा पदर ओढला की तिच्या तोंडावरचा रंग जायचा. जायचं कुठे? मी मागच्या संडासाची किल्ली द्यायला लागलो. यात पुण्य वगैरे काही नव्हतं. मूल घेऊन आत गेलेली बाई बाहेर येताना रिकाम्या हाताने जात नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. साबण तरी घेतेच. फिनेल तर हमखास घेते, कारण जंतूंचा विषय तिच्या डोक्यात ताजा असतो.

धुवायचं काम मी स्वतः करायचो, सकाळी दुकान उघडायच्या आधी. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "शेठ, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने खराटा धरू नये." मी म्हणायचो, "मग तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे कशाला येतात?"

*

एकदा कारखान्यातला एक कामगार किल्ली घेऊन गेला आणि ती खिशात टाकून तसाच शिफ्टच्या बसमध्ये चढला. पुढचे आठ तास संडास बंद. तीन बायका मुलांना घेऊन परत गेल्या. एक मूल परत गेलं नाही, त्याने माझ्या पायरीवरच काम उरकलं.

संध्याकाळी तो धावत आला. "माफ करना सेठ, जेब में रह गई."

दुसऱ्या दिवशी मी मसाल्याच्या काट्याचं पितळी अर्धा किलो काढलं. वर बोंड होतं, त्याच्या मानेला सुतळी बांधली आणि सुतळीला किल्ली. आता नेऊन दाखवा खिशातून! एवढं वजन खिशात घातलं तर लेंगा खाली येईल.

तेव्हापासून माझ्याकडे अर्धा किलो मागितलं की मी दोनशेची दोन आणि शंभरचं एक अशी तीन वजनं टाकायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, शेठला हौस आहे.

*

कॉलनीतल्या एका अधिकाऱ्याच्या बाई यायच्या. माणूस म्हणून फार चांगल्या, पण जंतूंची भारी धास्ती. पिशवीत स्वतःचा मग, साबणाची वडी आणि जुनी वर्तमानपत्रं. चार वर्षांच्या मुलाला दाराबाहेर उभं करायच्या, "कशाला हात लावू नकोस" म्हणायच्या आणि आत जाऊन तयारी करायच्या. नळ धुवायचा, कडी धुवायची, फरशीवर कागद अंथरायचे, वर माझ्याच दुकानातलं फिनेल शिंपडायचं.

माझ्या पायरीशी चंद्राबाई सुके बोंबील घेऊन बसायची. मुरबे गावची कोळीणबाई, चार पोरांची आई. ती हे रोज बघायची.

एक दिवस बाई आत, मुलगा बाहेर पाय आवळून उभा. चंद्राबाई उठली, त्याला काखोटीला मारलं, गटारावर धरलं, डब्यातल्या पाण्याने धुतलं आणि परत होता तिथे उभं केलं.

पाचेक मिनिटांनी बाई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "चल राजा, झालं तयार."

राजा म्हणाला, "मला नाही लागली."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काट्याकडे बघत राहिलो. चंद्राबाईच म्हणाली, "झाली त्याची, बाय. तुमी आत सारवत होता तवा."

"अहो, पण जंतू!" बाई म्हणाल्या. "ते दिसत नाहीत डोळ्याला."

"दिसत नाय तर त्यांनी तरी पोराला वलखलं कसं?"

बाई त्या दिवशी फिनेलच्या दोन बाटल्या घेऊन गेल्या.

*

वजनमापं तपासायला साहेब आले, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. एकेक वजन उचलून शिक्का बघत होते. पाच किलो आहे, दोन आहे, एक आहे.

"अर्धा किलो?"

"संडासात आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या नोकरीत हे उत्तर पहिल्यांदाच आलं असावं. मी किल्लीची गोष्ट सांगितली, त्या वजनाने माल देत नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, "आणून दाखवा."

"बाई आत आहे मुलीला घेऊन."

साहेब थांबले. पाय बदलून उभे राहिले, पुन्हा बदलले. शेवटी ती माउली बाहेर आली, वजन काट्यावर ठेवून गेली. साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ही किल्ली... जरा मीही जाऊन येतो."

*

आता घरचं सांगतो.

आमची उजू तेव्हा आठ वर्षांची. शाळा रेल्वेच्या पलीकडे, मध्ये फाटक, त्यामुळे मधल्या सुट्टीत घरी यायचं नाही. कुसुमने, म्हणजे तिच्या आईने, शाळेतला संडास पहिल्याच दिवशी बघून घेतला होता आणि उजूला बजावलं होतं, "तिथे पाऊल ठेवायचं नाही. आजार लागतात. काही झालं तरी दुकानात ये."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बायकांना हेच तर सांगत होतो. जंतू दाखवता येत नाहीत म्हणूनच त्यांच्या नावावर माल खपतो. ती भीती माझ्याही घरी राहायला आली, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

उजू साडेपाचला दुकानात यायची. दप्तर काढायच्या आधी हात वजनाकडे. मी कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगायचो, "घड्याळ चुकेल, आमची उजू चुकणार नाही."

आल्यावर ती आणखी एक काम करायची. पायरीशी तुपाच्या डब्यात मी कढीपत्ता लावला होता, त्याला बाटलीतलं पाणी घालायची. झाड असं फोफावलं की शेजारचे पानं न्यायला यायचे. कुसुम घरी बाटली रिकामी बघून खूश व्हायची. पोरगी पाणी पिते, आणखी काय हवं?

एके दिवशी चंद्राबाई बोंबलांवरच्या माश्या वारत म्हणाली, "शेट, एक बोलू? तुमची पोर बाटली सगळी झाडाला घालते."

"आवड आहे तिला झाडांची."

"आवड हाय ती ठीक. पन बाटली गल्यापर्यंत भरलेली असते. मंग ती स्वता काय पीते?"

मी हसून विषय बदलला. मालात एखादा खडा असेल तर मला लांबून दिसतो, अशी माझी बाजारात ख्याती होती. त्या बाईला दिसलेलं मला दिसलं नाही, किंवा मी बघितलं नाही.

*

पंधरा दिवसांनी उजूला थंडी भरून ताप आला. लघवीला आग व्हायची, रडायची, पण उठून जायची नाही. डॉक्टर आमच्याच बाजारातले, माझ्याकडून चहापत्ती नेणारे. त्यांनी दवाखान्यात तपासलं, आणि तिलाच विचारलं, "शाळेत किती वेळा जातेस शूला?"

"नाही जात."

"सकाळपासून?"

"घरून निघताना जाते. मग दुकानात आल्यावर."

"आणि पाणी?"

"पाणी प्यायलं की लागते."

एवढं सोपं उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "असं धरून ठेवायला तुला कोणी सांगितलं?"

उजूने आईकडे पाहिलं. मग पटकन छताकडे बघितलं आणि म्हणाली, "कोणी नाही."

कुसुमच्या हातात ओली घडी होती, उजूच्या कपाळावर ठेवायची. ती तशीच हातात राहिली. डॉक्टरांनी औषध लिहिलं, म्हणाले, पाणी भरपूर, आणि लागली की जायचं, कुठेही असो. ताप आठवड्याने उतरला, पण दुखणं उलटत राहिलं. ते पुरतं जायला पुढचे चार-पाच महिने गेले. वर्गातली अर्धी पुस्तकं तिने अंथरुणात वाचली.

घरी येताना कुसुम वाटेत एकदाच बोलली. "माझ्यासमोर माझं नाव लपवलं तिने."

*

ताप उतरला त्या सोमवारी कुसुम शाळेत गेली. मी सोबत होतो, पण बोलायची वेळ माझ्यावर आली नाही.

मुख्याध्यापकबाईंनी आम्हाला मागे नेलं. एका बाजूला मुलींचे दोन संडास, दारं अर्धी, आत बघवत नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक, दाराला नवा रंग आणि कुलूप. कुसुमने विचारलं, "हा कोणाचा?"

"तपासणीला साहेब येतात ना, त्यांच्यासाठी. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मुलींना दिला तर चार दिवसांत घाण होईल."

"साहेब वर्षातून किती वेळा येतात?"

"एकदा. कधी दोनदा."

"मग त्यांना आमच्या दुकानात पाठवा," कुसुम म्हणाली. "याआधी एक साहेब येऊन गेलेत, त्यांची काही तक्रार नाही."

बाईंनी किल्ली काही दिली नाही. विचार करते म्हणाल्या. कुसुमने वाट पाहिली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर ती बादली, खराटा आणि माझ्या फळीवरच्या फिनेलच्या दोन बाटल्या घेऊन गेली आणि मुलींचे दोन्ही संडास धुऊन आली. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या शनिवारी दारात कोण उभं, तर दुकानात ऐकून आलेल्या कॉलनीतल्या त्या बाई, पिशवीत स्वतःचा मग आणि वर्तमानपत्रं. कुसुमने सांगितलं, "कागद ठेवा, खराटा घ्या." चंद्राबाईची धाकटी त्याच शाळेत होती, म्हणून चंद्राबाईही यायची. ती दोघींना खराटा कसा धरायचा ते शिकवायची, कारण दोघींनाही धड येत नव्हतं.

उजू शाळेत परत जायला लागली तरी आत जायला घाबरत होती. कुसुम तिला हात धरून घेऊन गेली.

उजू म्हणाली, "आई, तूच म्हणालीस जंतू दिसत नाहीत."

"नाही दिसत. धुतलेलं दिसतं ना?"

उजूने बराच वेळ फरशी बघितली. मग म्हणाली, "तू बाहेर थांब."

आमचा कढीपत्ता त्या उन्हाळ्यात वाळून गेला. त्याबद्दल घरात कोणालाही वाईट वाटलं नाही.

*

आता शेवटचा, म्हणजे परवापरवाचा म्हणा, नव्वदच्या नंतरचा.

उजू शिकून मास्तरीण झाली. मनोरच्या पुढे डोंगराकडच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. मुलं लांबच्या पाड्यांवरून चालत येणारी, आईबाप अर्धं वर्ष कामासाठी बाहेर. पहिल्या महिन्यानंतर ती रविवारी घरी आली, तर आधी दुकानात शिरली. दप्तराच्या दिवसांसारखीच. फरक एवढाच की वजन तिने उचलून पिशवीत टाकलं आणि किल्ली सोडून माझ्यासमोर ठेवली.

मी म्हणालो, "अगं, काय हे?"

"शाळेत नवा संडास बांधलाय, बाबा. स्वच्छ आहे. कुलूप असतं."

"मग?"

"मुली दुपारी पाणी पीत नाहीत. मी त्यांच्याकडे बघूनच ओळखलं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असते. मागितली की देतात, पण कोणी मागत नाही."

मी काट्यामागून उठलो. तिच्या पिशवीतून अर्धा किलो काढून घेतलं आणि किल्ली पुन्हा त्याला बांधली, कारण बाहेर एक बाई लेकराला घेऊन उभी होती.

उजूचा चेहरा उतरला. मी विचारलं, "हेडमास्तरांचा खिसा केवढा आहे?"

"मोठा आहे. सदऱ्याचा."

मी फळीवरून एक किलोचं वजन काढून तिच्या पिशवीत ठेवलं.