खाली कोण आहे?

"काल मी नव्हतेच म्हणते ना! तापानं फणफणले होते, दिवसभर पांघरुणात पडून होते. नवऱ्याला विचारा हवं तर."

"त्याला काय विचारायचं? तुला गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली तरी त्या गड्याला जेवायच्या वेळेपर्यंत पत्ता लागायचा नाही," मुकादम म्हणाला. "माझ्या या कानांनी ऐकलंय. वरून हाक आली, तू 'आहे' म्हणालीस. गाठोडी पडली, धुतली गेली, घड्यांचा ढीगही लागला. आणि आता म्हणतेस, नव्हते."

"दिसले का मी तुम्हाला?"

मुकादमानं कान खाजवला. "वाफेत कोण कुणाला दिसतंय इथं? आवाज तुझा होता. रजा मांडू नकोस म्हणजे झालं, हजेरी लावलीय मी."

मोठ्या इस्पितळाच्या तळघरातली ही लॉन्ड्री. ती तिथं कपडे धुवायला होती. खरं नाव पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी सगळे तिला आहेमावशी म्हणत.

त्याचं असं होतं, की वरच्या सगळ्या मजल्यांवरून खाली उतरणारं एक पत्र्याचं नळकांडं भिंतीत बसवलेलं होतं, माणूस उभा मावेल एवढं रुंद. मळक्या चादरी, अभ्रे, रोग्यांचे झगे यांचं गाठोडं बांधायचं आणि वरून सोडून द्यायचं, ते धाडकन लॉन्ड्रीतल्या हौदात. मागं कधीतरी हौदात वाकलेल्या एका बाईच्या मानेवर गाठोडं आलं, आणि ती बाई पुन्हा ताठ चाललीच नाही. तेव्हापासून रीत पडली. वरच्यानं आधी तोंड घालून ओरडायचं, "खाली कोण आहे?" खालून "आहे!" आलं की मगच सोडायचं. जो "आहे" म्हणेल, गाठोडं त्याच्या गळ्यात. धुण्यापासून घडी घालण्यापर्यंत सगळं त्यानंच निस्तरायचं. उत्तर नाही आलं तर गाठोडं वरच थांबणार.

नवी माणसं आठवडाभरात शहाणी व्हायची. हाक आली की एकाला खोकल्याची उबळ यायची, दुसऱ्याची चप्पल हरवायची. हिला ते साधायचं नाही. पाच भावंडांत थोरली. हाक ऐकली की उठायचं, हे दात येण्याआधी शिकलेली. "वर माणूस ताटकळत उभं आहे आणि आपण मुक्यासारखं बसायचं? माझी तर जीभ वळवळते," म्हणायची. सुट्टीची घंटा व्हायची, एक पाय जिन्यावर असायचा, पदर खोचलेला सुटायचा, तेवढ्यात हाक यायची आणि ही मान मागं वळवून "आहे!" म्हणायची. म्हटलं की परत खाली. मुकादम चारचौघांत तिचं कौतुक करायचा आणि संध्याकाळच्या पाळीला माणूस घ्यायचं टाळायचा. कशाला घेईल?

त्या दिवशी मुकादम गेल्यावर इस्त्रीवाले आबा जवळ आले. उभा जन्म वाफेत गेलेला माणूस, भुवया सुद्धा विरळ झालेल्या.

"पोरी, तू नव्हतीस हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझा ॲप्रन खुंटीला होता. दिवसभर तिथंच. जाताना सहज हात लावला, तर चिंब ओला. आणि गरम."

"वाफ बसली असेल, आबा."

"शेजारी माझाही टांगलेला होता. कोरडा खडखडीत."

तिनं कालच्या घड्यांचा ढीग पाहिला. चादरीची घडी घालताना शेवटचं टोक आत खोचायची तिची सवय, दुसरं कुणी तसं करत नाही. ढिगातल्या प्रत्येक चादरीचं टोक आत खोचलेलं होतं.

घरात गोष्ट वेगळ्या बाजूनं उगवली.

"आई."

ती भाजी निवडत बसलेली.

"आई गं."

हात चालू, नजर भाजीवर, चेहरा घासलेल्या ताटासारखा.

"बाबा, आईला पुन्हा ऐकू येईना," लेक म्हणायची. नवरा सुतार, कानाला पेन्सिल लावून हिंडणारा. तो समोर येऊन टाळी वाजवायचा, तेव्हा कुठं ती दचकून वर बघायची. "काय झालं? ओरडताय कशाला?"

"दमलीय ती," तो लेकीला सांगायचा. सांगून सांगून त्यालाही ते खरं वाटायला लागलं. लेक मात्र हळूहळू हाक मारायचीच थांबली. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायची, वेणीचा गुंता तसाच ठेवून शाळेत जायची. हाक मारून उत्तर येईना की पोटात खड्डा पडतो, आणि लहान पोर त्या खड्ड्यात किती वेळा उतरणार?

मग तिच्या आणि शाळेच्या सुट्टीचा तो दिवस आला. दुपारची वेळ. नवरा कामावर, घरात दोघीच. लेक न्हाणीघरात घसरली, हनुवटी दगडी कडेवर आपटली. तिनं आईला हाक मारली, मग ओरडली, मग किंचाळली. शेजारीण धावत आली ती भिंतीपलीकडून आली. आणि आई? पुढच्याच खोलीत, खिडकीशी, हातात लेकीचा फाटका फ्रॉक आणि सुईदोरा. शेजारणीनं खांदा धरून गदागदा हलवली. "अगं बाई, पोर रक्तात पडलीय आणि तू टाके कसले घालतेस!"

टाके मग हनुवटीला पडले, त्याच इस्पितळात. लेक एकदाही रडली नाही. आईकडं बघून एवढंच म्हणाली, "तू घरात होतीस ना?"

आईला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती.

निरोप मिळून धावत आलेल्या बापाजवळ पोरीला बसवून ती पाणी आणायला बाहेर आली, तर व्हरांड्यात वरची आया भेटली. गाठोडी बांधून नळकांड्यात ओरडायचं काम हिचंच. "अगंबाई! तू वर कशी? आत्ता तर खालून ओ दिलीस. दुपारपासून ढीगभर गाठोडी सोडलीत मी, दर वेळेला तूच 'आहे' म्हणतेस. शेवटी शेवटी तर मी हाक मारायच्या आधीच म्हणायला लागलीस. म्हटलं, आज बाईला झालंय तरी काय!"

ती हातातला पेला तसाच घेऊन जिना उतरली.

सुट्टीची घंटा होऊन गेली होती. आबा इस्त्रीची तार गुंडाळत होते. यंत्रं बंद, पण वाफ अजून छतापासून गुडघ्यापर्यंत लोंबत होती. खुंटीवरून तिच्या ॲप्रनचं पाणी थेंब थेंब गळत होतं. हौदापलीकडं कुणीतरी ओलं कापड पिळत असल्याचा आवाज येत होता. आबांनी तिच्याकडं पाहिलं आणि बोटानं तिकडं दाखवलं.

नळकांड्यातून हाक आली. "खाली कोण आहे?"

"आहे!" वाफेतून उत्तर गेलं. तिचाच आवाज. तीच ओढ, तीच घाई. पण तो आवाज ताजातवाना होता. तिचा स्वतःचा आवाज गेल्या कित्येक महिन्यांत तसा लागला नव्हता. घरी तर नाहीच.

ती धावली, पेला खाली टाकला आणि नळकांड्यात डोकं घातलं. मानेवर गाठोडं आलं असतं तर तिथंच निकाल लागला असता.

"टाकू नकोस! खाली कुणी नाही!"

वरून आया म्हणाली, "मग बोलतंय कोण, तुझं भूत?"

"मी बोलतेय. मी आहे, पण माझी सुट्टी झालीय. सकाळी टाक."

"आहे!" मागून आवाज. या वेळी अगदी जवळून. मानेवर दमट श्वास लागला.

"अगं, आहेस की नाहीस?" वरची वैतागली. "मी गाठोडं धरून उभी आहे, हात दुखायला लागलेत. दोन तोंडांनी बोलू नकोस!"

जीभ वळवळली. जन्माची सवय ती, एका दिवसात थोडीच जाते? वर माणूस ताटकळत उभं होतं. 'टाक बाई, एवढं शेवटचं,' हे शब्द दातांपर्यंत आले. तिनं दात आवळले. वर बाकावर बसलेली लेक डोळ्यांपुढं आली, रडायचं सुद्धा सोडून दिलेली.

"नाही," ती म्हणाली. "नाही येत. खाली ठेव ते."

वरून गाठोडं फरशीवर टेकल्याचा धप्प आवाज आला. आया काहीतरी पुटपुटत निघून गेली.

मग ती वळली. समोर नुसती वाफ. त्या वाफेशी ती कामावरच्या बाईशी बोलावं तशी बोलली. "झालं तेवढं पुरे. चल घरी. पोरगी वाट बघतेय."

पिळायचा आवाज थांबला.

नळकांड्याला एक लोखंडी झाकण होतं, लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बिजागऱ्या गंजून घट्ट बसलेल्या. तिनं खांदा लावला, आबांनी तेल सोडलं आणि दोघांनी मिळून ते ओढलं. कडी बसली. आतून थोडा वेळ बोटांनी वाजवल्यासारखी टकटक झाली. पत्रा गार पडताना वाजतोच, असं आबा म्हणाले. म्हणताना त्यांनी झाकणावरचा हात काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम लाल झाला. "कुणाला विचारून लावलंस झाकण? वरच्या मजल्यावर डोंगर झालाय!"

"घंटेनंतर झाकण लागणार. सकाळी मीच उघडीन."

"आणि डोंगराचं काय?"

"संध्याकाळला माणूस घ्या."

"तू असताना?"

"मी नसतेच संध्याकाळी. तुम्ही मला बघितलं नाही, फक्त ऐकलं. आठवतंय ना?"

मुकादमानं आबांकडं पाहिलं. आबा इस्त्रीवर पाणी शिंपडत होते, चर्र आवाज काढत. मुकादम महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. सगळ्यांत जड, रक्ताळलेली गाठोडी मुद्दाम तिच्या वाट्याला लावली. ती धुवायची. घंटा झाली की कडी लावून जिना चढायची. पहिले काही दिवस मागं वळून बघायची, मग सोडलं. शेवटी संध्याकाळच्या पाळीला एक बाई आली, तिला आबांनी सगळ्यात आधी झाकण दाखवलं.

घरी लेकीनं पुष्कळ दिवस हाक मारली नाही. मग एकदा सकाळी कंगवा केसांत अडकला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आई!"

"ओ. आले."

लेकीनं कंगवा तसाच डोक्यात ठेवला आणि दारात आली, खरंच बोलली का ते बघायला.

त्या दिवशी कामावर पोचायला तिला जरा उशीर झाला. झाकण उघडलं. त्याला आतून वाफ धरली होती, ती बाहीनं पुसली. खुंटीवरचा ॲप्रन हातात घेऊन चाचपला. कोरडा होता.

"खाली कोण आहे?"

ती थांबली. आधी कुणी बोलतं का, कान देऊन ऐकलं. हौदात पाणी चढत होतं, तेवढाच आवाज.

"आहे!" ती म्हणाली आणि बाजूला झाली. गाठोडं धाडकन पडलं. गाठ घट्ट बसली होती. तिनं बाह्या वर सारल्या आणि ती सोडवायला घेतली.